माऊस सापडेना, त्याची हकिकत

प्रिय भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद आणि नमस्कार, दोन्ही एकदमच घ्या. (आशीर्वाद मी वयाने मोठी म्हणून, नमस्कार काम आहे म्हणून.) तुमची प्रकृती बरी असेल असं धरून चालते, कारण तुमच्या दर महिन्याच्या कार्डावर तीनच ओळी असतात आणि तिन्ही ओळींत 'मी बरा आहे' हेच निरनिराळ्या शब्दांत लिहिलेलं असतं. आई ते कार्ड आधी चष्मा लावून वाचतात, मग चष्मा काढून वाचतात आणि मग मला विचारतात, की तो वेळेवर जेवतो की नाही हे यात कुठे लिहिलंय? तेव्हा पुढच्या खेपेला चौथी ओळ लिहा. आईंचे गुडघे होते तसेच आहेत आणि तोंडही होतं तसंच आहे. मी ठणठणीत. राहिले तुमचे दादा. त्यांच्याबद्दल लिहावं की नाही यावर मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. चौदा महिने झाले, तुम्ही दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाही. तुम्ही कार्डात त्यांची चौकशी करत नाही आणि ते घरात तुमचं नाव काढत नाहीत. ('तो' म्हणतात. आमच्याकडे नुसतं 'तो' म्हटलं की तुम्ही, एवढं आता टपाल आणणाऱ्यालासुद्धा कळतं.) पण हकिकतच अशी आहे, की ती त्यांना वगळून सांगता येणार नाही. तेवढं सोसा.

फोन का नाही केला, असं म्हणाल. फोन कारखान्यातल्या टेबलावर आहे आणि टेबलाला तुमचे दादा चिकटलेले आहेत. मी पुठ्ठेवाल्याशी बोलत असले तरी ते पलीकडून भुवया उडवून 'कोण? काय म्हणतो?' विचारत असतात. म्हणून पत्र. आत्ता मी सामानाची यादी करते आहे असा त्यांचा समज आहे, आणि एवढी लांब यादी बघून त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चाललाय.

तर झालं असं, की तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी आपल्या मशीनला माऊस सापडेनासा झाला. (उंदरावरचे सगळे विनोद आईंनी पहिल्याच दिवशी करून संपवले, ते पुन्हा लिहीत नाही.) सकाळी मशीन चालू केलं, त्याने नेहमीप्रमाणे काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा ओतल्या, तुमचा तो खोकी आखायचा प्रोग्रॅम उघडला, पडद्याच्या मधोमध बाण आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. माऊस डावीकडे न्या, उजवीकडे न्या, टेबलभर फिरवा, बाण ढिम्म. मशीन तुम्हीच बसवलेलं, म्हणजे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण माझं मन मोकळं होईल म्हणून सांगते. सगळं जग चारचौघांसारखी मशीनं घेत होतं, तेव्हा तुम्ही ती फुकट मिळणारी, युनिक्सच्या घराण्यातली सिस्टीम आणलीत. तिला एकेक गोष्ट लेखी सांगावी लागते. सांगितलेलं नीट झालं तर ती चकार शब्द काढत नाही, चुकलं तर मात्र लगेच बोलते. (घरात आणखी एकजण अशा स्वभावाचे आहेत, नाव घेत नाही.) आपल्या साडेतीनशे खोक्यांच्या आकृत्या, कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, चिकटवायला कान किती सोडायचा, सगळं तिच्या पोटात. त्यामुळे तिला काढताही येत नाही आणि तुमच्याशिवाय ती कुणाला कळतही नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात चष्मेवाल्याचं काम आलेलं. त्याला गोलसर झाकणाचं खोकं हवं होतं, आणि गोलाई माऊसशिवाय ओढता येत नाही. ह्यांनी कीबोर्डाची बटणं दाबून एकेक टिंब पुढे सरकत ओढायचा प्रयत्न केला. आख्ख्या दुपारभरात एक कान झाला, आणि तोही चावल्यासारखा दिसत होता.

मग तुमची वही निघाली. ती तुम्ही जाताना मशीनवर ठेवून गेला होतात तीच, 'यंत्र अडल्यास' वगैरे लिहिलेली. ह्यांनी ती चौदा महिन्यांत पहिल्यांदा उघडली (माझ्यासमोर पहिल्यांदा, मागे पानांचे कोपरे मळलेले आहेत, ते कसे मळले ते मी विचारलं नाही). पान अकरा. माऊस न सापडल्यास प्रथम वायर पाहावी, मग पुन्हा एकदा वायर पाहावी, मग दादाला बाजूला करून वहिनीने वायर पाहावी. हे मोठ्याने वाचून झाल्यावर ह्यांचा चेहरा पाहायला तुम्ही इथे असायला हवे होतात. मी खोकल्याचं निमित्त करून आत गेले. वायर पाहिली. घट्ट बसलेली होती, दोन्ही बाजूंचे स्क्रूसुद्धा आवळलेले. मी पाहिली, तरीही घट्टच. आई दारातून म्हणाल्या, इथूनसुद्धा घट्ट दिसतेय. झालं, वहीतला उपाय संपला.

पुढचे दोन दिवस जे झालं त्याला दुरुस्ती म्हणायचं की छळ, ते तुम्ही ठरवा. ह्यांनी माऊस उलटा करून त्याच्या पोटातली गोळी काढली, स्पिरिटने पुसली, उन्हात ठेवली. ती घरंगळून कपाटाखाली गेली, म्हणून कपाट सरकवलं, म्हणून ह्यांची कंबर धरली, म्हणून उरलेलं स्पिरिट कंबरेला लागलं. नवा माऊस आणला, त्याचं तोंड गोल आणि आपल्या मशीनचं भोक लांबट. दुकानदाराने मध्ये लावायला एक ठोकळा दिला आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, चालणारच. नाही चालला. मशीन बंद करून चालू केलं, मग जेवून येऊन पुन्हा बंद करून चालू केलं, कारण ह्यांचं म्हणणं होतं की पहिल्या वेळी ते नीट बंद झालं नसावं. मी मात्र येता-जाता माऊस धरून टेबलावर गरागरा फिरवत होते. मला आपलं वाटायचं, झोप लागली असेल, हलवून जागा होईल. एकच गोष्ट चमत्कारिक होती. सबंध दिवस दगडासारखा बसलेला तो बाण, फोन वाजला की टुणकन उडी मारून कोपऱ्यात जायचा. दुसरी घंटा, दुसरी उडी. मी हे ह्यांना दाखवलं. ह्यांनी बाणाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि नाकाने मोठा श्वास सोडला. तेव्हाच त्यांच्या मनात काय आलं ते मला कळायला हवं होतं.

आता सकाळच्या पानाबद्दल सांगायला हवं. तुम्ही लावून दिलेला तो प्रिंटर अजूनही रोज सकाळी बरोब्बर सातला खडखड करत एक पान छापतो. काल मशीनमध्ये कोण आलं, कधी गेलं, कुणाला दारातूनच परत पाठवलं. तुम्ही गेल्यापासून त्या पानावर दोनच ओळी असतात, दादा आले आणि दादा गेले. तरी हे ते पान चहाबरोबर वर्तमानपत्रासारखं वाचतात. मी एकदा म्हटलं, बंद करून टाका, उगाच कागद जातो. तर म्हणाले, राहू दे, मागच्या बाजूला लिहायला होतं. (मागच्या बाजूला काहीही लिहिलेलं नाही. सगळी पानं तारखेप्रमाणे लावून फडताळात ठेवली आहेत, झटकताना मी पाहिलं.) तर, बुधवारी सकाळी त्या पानावर तेवीस ओळी जास्तीच्या आल्या. दुसऱ्या वाटेने कुणीतरी तेवीस वेळा आत यायला पाहिलं आणि तेवीस वेळा त्याला परत पाठवलं. दुसरी वाट म्हणजे काय हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मशीनच्या पाठीला दोन भोकं, अगदी जुळी. पहिल्यात माऊस, दुसऱ्यात तुमचा मोडेम, म्हणजे फोनला जोडलेलं ते डबडं, ज्यातून तुम्ही जगात कुठूनही फोन लावून मशीनमध्ये शिरायचात आणि आम्ही शांतपणे जेवत असताना कारखान्यातला प्लॉटर आपोआप रेघा मारायला लागायचा. ती वाट तुमची. मशीन तिथे कायम उभं राहून विचारत असतं, कोण आहे, नाव सांगा, पासवर्ड सांगा. तेवीस वेळा नाव सांगितलेलं होतं, पण नावाच्या जागी नुसती गिचमिड, कंस, फुल्या, टिंबं, मध्येच एखादं अक्षर. शेवटी मशीननेही कंटाळून लिहिलं होतं, की या वाटेवर फार धांदल चालली आहे, पाच मिनिटं दार बंद.

ह्यांनी पान वाचलं आणि म्हणाले, तोच आहे. मी म्हटलं, अहो, हे नाव कुठे आहे, ही तर गिचमिड आहे. तर म्हणाले, त्याचं अक्षर पहिल्यापासून असंच. पहिल्या दिवशी ते भडकले. माऊस त्यानेच बिघडवला, फोनवरून बाण उडवतोय, आपल्याला चिडवतोय, वगैरे. (तुम्हीही चिडवण्यात कमी नाही, त्यामुळे मला तुमची बाजू घेता आली नाही, क्षमा करा.) दुसऱ्या दिवशी पानावर एक्केचाळीस ओळी आल्या. ते वाचून ह्यांनी पान घडी करून खिशात घातलं. आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, चहाच्या कपात बघत म्हणाले, पासवर्ड विसरला असेल तो. भाऊजी, तो आवाज मी लग्न होऊन आल्यापासून चार-पाचदाच ऐकलाय. मला हसू आलं, आणि मी न मागता त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

भांडणाच्या मुळाशी मी आजवर गेले नाही आणि जाणारही नाही. सहाशे खोकी, त्यांची झाकणं बसली नाहीत. तुम्ही म्हणत होतात माप एकशे बारा हवं, हे म्हणत होते एकशे अकरा, आणि मग कुणी कुणाच्या आकृतीत हात घातला यावरून जे काही झालं ते झालं. एका मिलिमीटरच्या फटीतून आख्खा माणूस घराबाहेर गेला. तुम्ही बरोबर की ते, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, झाकण हातात धरून पाहिलेलं असूनसुद्धा. पण त्या शुक्रवारी दुपारी ह्यांनी कपाटातून तुमचं ते पाकीट काढलं, ज्यावर तुम्ही लिहून ठेवलंय, 'फक्त आग लागल्यास उघडावे'. त्यात मशीनचा मुख्य पासवर्ड आहे. मला म्हणाले, तू जा, आईंना काही हवंय का बघ. आईंना काही नको होतं. मी दाराआड उभी राहिले. तुम्हाला ठाऊक आहे, ह्यांना आकडा तोंडाने म्हटल्याशिवाय बोटाने दाबता येत नाही. तुमच्या नावापुढे त्यांनी नवा पासवर्ड घातला, सोपा, कुणालाही आठवेल असा. एक, एक, दोन. मशीनने कुरकुर केली, हा फार लहान आहे, कुणीही ओळखेल. ह्यांनी तोच पुन्हा ठोकला. मग पाकीट नीट चिकटवून जागच्या जागी ठेवलं आणि मला येऊन विचारलं, आईंना काय हवं होतं?

शनिवारी हे पुठ्ठा आणायला दिवसभर बाहेरगावी गेले आणि मी रेडिओकाकांना बोलावलं. रेडिओकाका म्हणजे मागच्या गल्लीतले रेडिओ दुरुस्त करणारे, तुम्ही ज्यांच्याकडून डाग द्यायची कांडी मागून आणायचात आणि परत द्यायला विसरायचात. (त्यांनी आठवण करून दिलीय. दोन कांड्या.) ते आले, खुर्चीत बसले, चहा घेतला, मशीनकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, काय काय होतं ते सगळं सांगा, वेडेपणाचं वाटलं तरी सांगा. मी सगळं सांगितलं आणि शेवटी चाचरत म्हटलं, फोन वाजला की बाण हलतो. काकांनी कप खाली ठेवला. तुमच्या वहीतल्या बाराव्या पानावर एक ओळ आहे, पहिल्या वाटेने जे काही येईल ते पडद्यावर अक्षरांत दाखवायची. ती त्यांनी मला टाइप करायला लावली आणि स्वतः समोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन आपल्याच नंबरवर फोन लावला. मी काळ्या पडद्याकडे टक लावून बसले. फोन वाजला, आणि पडद्यावर इंग्रजीत चार अक्षरं उमटली, रिंग. पुन्हा वाजला, पुन्हा रिंग. काका परत आले, पडदा पाहिला आणि एवढंच म्हणाले, वहिनी, माऊसला फोन आल्याचं कळायचं काही कारण नाही.

मग ते मशीनच्या मागे वाकले आणि वाकलेल्या अवस्थेतच हसायला लागले. दोन्ही प्लग एकमेकांच्या जागी. मोडेम माऊसच्या भोकात, माऊस मोडेमच्या भोकात, आणि दोन्हींचे स्क्रू आवळून घट्ट. म्हणजे मशीन पहिल्या दाराशी मोडेमला माऊस समजून त्याच्या हलण्याची वाट बघत बसलं होतं, आणि दुसऱ्या दाराशी माऊसला माणूस समजून त्याला नाव-गाव विचारत होतं. मी इकडे माऊस टेबलभर घासतेय, आणि तो बिचारा मागच्या दाराने दर वेळी आपलं काहीतरी नाव सांगतोय, आणि मशीन म्हणतंय, असा कुणी आमच्याकडे नाही, निघा. भाऊजी, तेवीस वेळा आणि एक्केचाळीस वेळा दार ठोठावणारे तुम्ही नव्हतात. ती मी होते. काका पोट धरून हसत होते आणि मी त्यांच्याबरोबर हसता हसता मध्येच थांबले, कारण मला ते पाकीट आठवलं.

प्लग जागच्या जागी लावले, बाण पळायला लागला. प्लग कुणी अदलाबदल केले हे मात्र गूढच राहिलं. ह्यांनीच केले असणार, ह्यांना मशीनच्या मागे हात घालायची भारी खोड. काकांना मी शपथ घातली, की यातलं अक्षरही ह्यांच्या कानावर जाता कामा नये. हे संध्याकाळी आले, बाण पळताना पाहिला आणि म्हणाले, बघ, स्पिरिटने गोळी पुसली त्याचा गुण आला. मी म्हटलं, आला खरा. चष्मेवाल्याची खोकी वेळेवर गेली, झाकणं मस्त बसतात. तर असा आपला माऊस सापडला. मशीन तुमचं, म्हणून तुम्हाला कळवायचं एवढंच, बाकी काही नाही. जेवणाची आबाळ करू नका. आई आशीर्वाद सांगतात आणि तुम्ही जाताना त्यांची कात्री घेऊन गेलात का, हे विचारतात.

तुमची,
वहिनी

ता. क. खोटं बोलून पत्र पाठवायला जीव होईना. प्लग मी बदलले. सोमवारी झाडझूड करताना मशीन ओढलं, दोन्ही वायरी काढून पुसल्या आणि परत लावताना, दोन्ही भोकं सारखी दिसतात हो. स्क्रूसुद्धा मीच आवळले, इतके, की दुसऱ्या दिवशी बोट दुखत होतं. आणि तुमच्या वहीप्रमाणे शेवटी वायर पाहायला मलाच बोलावलं, तेव्हा मी ती घट्ट आहे की नाही एवढंच पाहिलं. वहीत घट्ट आहे का पाहा असं न लिहिता कुठे घट्ट आहे ते पाहा असं लिहायला काय झालं होतं? निम्मा दोष तुमचा.

ता. क. २. आणखी एक सांगायचं राहिलं. माऊस सुधारल्याच्या दुसऱ्या दिवशी पानावर पुन्हा दोनच ओळी आल्या. ह्यांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. प्रिंटरची फीत वाळली का, असं विचारलं. त्याच्या पुढच्या दिवशीही दोनच. तेव्हा उठून फोन उचलला, कानाला लावला, सूर येतोय याची खात्री करून खाली ठेवला. दिवसात चार वेळा. तिसऱ्या दिवशी चहाबरोबर पान वाचलंच नाही, नुसतं घडी करून फडताळात ठेवलं. मला ते बघवेना. आता मी काय करते ते तुम्हाला सांगते, हसायचं तर हसा. रोज दुपारी दोनला हे जेवून आडवे झाले, की मी मागचे दोन्ही प्लग बदलते, माऊस पाच-दहा मिनिटं जोरजोरात फिरवते, प्लग पुन्हा जागच्या जागी लावते आणि काही झालंच नाही अशी भांडी घासायला जाते. सकाळी पानावर अठरा-वीस ओळी येतात. ह्यांचा चहा गोड लागतो. बारा दिवस झाले, भाऊजी, माझं मनगट गेलंय. या वयात मी तुमच्या नावाने दुसऱ्याच्या दारात गिचमिड करत बसायचं, हे शोभतं का? तेव्हा काम हे, की एकदा, एकदाच, तुम्ही स्वतः फोन लावा आणि तुमच्या नावाने नीट आत या. पासवर्ड पत्रात लिहू नये असं तुम्हीच भिंतीवर चिकटवून गेला आहात, पण मी तो वर लिहून बसले आहे.

ता. क. ३. पत्राचं पाकीट आणायला मी काल पाचला बाहेर गेले होते (हेही पुठ्ठेवाल्याकडे गेलेले, फोनपाशी कुणीच नव्हतं), पत्र आज सकाळी टाकणार होते. आता चिकटवलेलं पाकीट फोडून लिहिते आहे, म्हणून कडा फाटल्यात. आज सातचं पान आलं. दुपारी दोनच्या माझ्या एकोणीस ओळी, आणि त्यांच्याखाली, पाच वाजून चाळीस मिनिटं, दुसरी वाट, तुमचं नाव. स्वच्छ, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. पुढे लिहिलंय, पासवर्ड चुकीचा. एकदाच. त्यानंतर काही नाही.

मी चहा ओतता ओतता थांबले. हे किती तरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. मग म्हणाले, वरच्या एकोणीस ओळी तुझ्या, ते मला ठाऊक आहे. (भाऊजी, दुपारी झोपतच नाहीत हो! बारा दिवस डोळे मिटून माझी खुडबुड ऐकत होते, आणि सकाळी तेच पान वाचून चहा पीत होते.) ही मात्र त्याची आहे, म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा एकदम पडला. म्हणाले, तो जुना पासवर्ड घेऊन आला. त्याला वाटलं असेल, दादाने कुलूप बदललं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, त्याला कळव.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा तुमच्यासाठी निरोप दिलाय, तो पोचवते आहे. कुलूप बदललं ते खरं, पण तुम्हाला आत येता यावं म्हणून बदललं, आणि किल्ली म्हणून तुमचंच माप ठेवलं. आता एकदाच प्रयत्न करून फुरंगटून बसू नका. तुमचा मोडेम सहाव्या घंटेला फोन उचलतो, त्याआधी कुणी उचलला तर तुम्हाला आत येता येणार नाही, म्हणून हे सकाळपासून फोनवर हात ठेवून बसलेत आणि कुणालाही तो उचलू देत नाहीत (मलाही नाही, नाहीतर आता फोनच केला असता). आतापर्यंत पुठ्ठेवाला, चष्मेवाला आणि माझी सख्खी बहीण, तिघांच्या कानात मोडेम किंचाळला. चष्मेवाला तर समोरच्या शिंप्याकडे फोन करून विचारत होता, यांच्या घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. पत्र हातात पडेल त्या क्षणी फोन लावा, भाऊजी. तोवर आम्ही कुणाचाच उचलत नाही.